मौद्यात समुद्र नाही, तरी जुनी फियाट खालून का सडते? गंजाचं गणित आणि गाडी वाचवायची साधी पद्धत

जुनी गाडी गंजते म्हटलं की पहिलं नाव येतं मुंबईचं. खारी हवा, चार महिने पाऊस आणि त्यात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. ते खरंही आहे. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं आणि मीठ लोखंडाचा शत्रू आहे.

पण आता नकाशावर मुंबई सोडा आणि मौद्याला या. नागपूरहून भंडारा रोडनं साधारण ३५ किलोमीटर, कन्हान नदीच्या काठी. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि हवा अशी कोरडी की वाळत घातलेले कपडे अर्ध्या तासात कडक. हिशोबानं इथं जुन्या गाड्या वर्षानुवर्षं टकाटक राहायला हव्यात.

प्रत्यक्षात वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली फियाट किंवा अँबेसेडर शेडमधून बाहेर काढली, पायाखालची मॅट उचलली, की पत्र्याचा भुगा हाताला लागतो. वरून पेंट चकचकीत आणि खालून गाडी पोकळ.

असं का होतं? आणि हजारो रुपयांचं कोटिंग मारून ते थांबतं का?

थोडक्यात उत्तर असं, की मौद्यासारख्या गावात गाडीचं खरं नुकसान हवेपेक्षा गाडीला खालून चिकटलेला चिखल करतो. तो वेळेवर काढला तर अर्धं काम होतं. तो न काढता वरून कोटिंग मारलं तर त्या कोटिंगमुळेच गाडी लवकर सडू शकते.

आता हे सविस्तर समजून घेऊ.

गंज म्हणजे नेमकं काय?

लोखंडाला गंज चढायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि ऑक्सिजन. दोन्हींपैकी एक नसेल तर गंज नाही. हे आपण शाळेत तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळ्यांच्या प्रयोगात शिकलोय.

शाळेत जे फारसं सांगत नाहीत ते असं, की गंज ही विजेची प्रक्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की तिथं एक बारीकशी बॅटरी तयार होते. थेंबाखाली एका जागी लोखंड विरघळतं आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. या दोन जागांमध्ये पाण्यातून विद्युतप्रवाह वाहतो. पाण्यात क्षार असतील तर प्रवाह जास्त वाहतो आणि गंजही जोरात चढतो. म्हणूनच समुद्राचं पाणी इतकं वाईट.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याची न दिसणारी पातळ फिल्म बसते. पत्र्यावर धूळ किंवा क्षार असतील तर त्याहून कमी आर्द्रतेतही बसते. नागपूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता यापेक्षा बरीच जास्त असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. त्यामुळे पेंटखाली सुरू झालेला गंज फुगतो, पेंटला वर ढकलतो आणि फोड येतो. तुम्हाला पेंटवर बारीक फोड दिसला, तर समजा की आतलं काम बरंच आधी सुरू झालंय.

मग मौद्यात पाणी टिकतं कुठे?

तमिळनाडूतल्या कराईकुडीला केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्था आहे. तिनं देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणी धातूचे तुकडे उघड्यावर ठेवून भारताचा गंज-नकाशा तयार केलाय. अशा नकाशांमधून ढोबळ चित्र हेच निघतं, की किनारपट्टीवर गंज जास्त आणि देशाच्या आतल्या भागात कमी.

पण त्या प्रयोगातले तुकडे स्वच्छ असतात. पाऊस पडला की धुऊन निघतात आणि ऊन पडलं की वाळतात. गाडीच्या मडगार्डच्या आतला पत्रा तसा नसतो. त्याच्यावर रस्ता बसलेला असतो.

आणि मौद्याच्या रस्त्यावर काय काय असतं ते बघा.

पहिली, धानाची शेती. नागपूर जिल्ह्यातल्या भात पिकवणाऱ्या तालुक्यांमध्ये मौदा मोडतो. जुलैमध्ये चिखलणी आणि रोवणी सुरू झाली, की बांधीतून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल रस्त्यावर आणून सोडतात. मागून येणारी गाडी तो उचलून स्वतःच्या पोटाला लावून घेते.

या चिखलात काळी माती असेल तर आणखी वांधा. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. ती पाणी पिऊन फुगते आणि सोडताना फार हळू सोडते. वरून वाळलेलं ढेकूळ फोडलं की आतून ओलं निघतं, हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. तेच ढेकूळ मडगार्डच्या कोपऱ्यात बसलं, तर पाऊस थांबल्यावर बाकीची गाडी वाळते आणि तेवढा पत्रा मात्र दिवसेंदिवस ओला राहतो.

दुसरी, राख. मौद्याला एनटीपीसीचा २३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. कोळसा जळला की उरते ती फ्लाय अ‍ॅश. ती विटा, सिमेंट आणि रस्त्याच्या भरावासाठी वापरली जाते, म्हणजेच ती बल्कर आणि टिप्परमधून रस्त्यानं जाते. राखेचे कण पिठासारखे बारीक असतात. मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, पण सोबत चुना आणि पाण्यात विरघळणारे थोडे क्षारही असतात. बारीक असल्यामुळे ती दोन पत्र्यांच्या जोडात, रबराच्या खाली, बिजागरीत कुठंही शिरते. कोरडी असेपर्यंत तिचा त्रास कमी. एकदा ओली झाली की ती स्पंजसारखं पाणी धरते आणि त्या पाण्यात क्षार मिसळलेले असतात.

तिसरा, हायवे. पूर्वी ज्याला आपण एनएच-६ म्हणायचो तो आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३ मौद्यावरून जातो. सुरतेकडून ओडिशाच्या पारादीपपर्यंत जाणारा हा रस्ता, म्हणजे ट्रकच ट्रक. ट्रकच्या चाकातून उडणारी रेती आणि खडी समोरच्या गाडीच्या खालच्या भागावर बारीक बारीक टवके पाडते. पेंटला टवका गेला की उघडा पत्रा. त्यावर चिखल, त्यात राख, वरून पाऊस. रेसिपी पूर्ण झाली.

जुन्या गाड्याच जास्त का सडतात?

आताच्या गाड्यांची बॉडी तयार झाली की ती अख्खी पेंटच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्यानं प्रायमर कानाकोपऱ्यात चिकटवतात. शिवाय बऱ्याच गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. पोर्शेसारख्या कंपन्यांनी जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा १९७० च्या दशकाच्या मध्यात आणला. आपल्याकडच्या त्या काळच्या गाड्यांना असलं काही नव्हतं. साधा पोलादी पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर पेंट. जिथं स्प्रेगन पोचली नाही, तिथं पेंटही नाही.

फियाटचीच गोष्ट घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये आली फियाट ११०० डिलाईट. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. म्हणजे १९८० किंवा १९९० मध्ये घेतलेल्या पद्मिनीचा मूळ आराखडाही ६० च्या दशकातलाच.

आता खरा मुद्दा. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी जाडजूड चासी असते. बॉडी सडली तरी चासी गाडीला धरून ठेवते. फियाट आणि अँबेसेडर यांचं तसं नाही. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा. फ्लोअर, दरवाजाखालच्या लांब पोकळ पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथं बोल्टनं बसतं त्या जागा, या सगळ्या मिळून गाडी उभी असते.

त्यामुळे फियाटच्या दरवाजाखालची पट्टी सडली तर विषय फक्त दिसण्याचा राहत नाही. दरवाजे नीट बंद होत नाहीत, जॅक लावला की तो पत्र्यात घुसतो आणि अपघात झाला तर ज्या पत्र्यानं तुम्हाला वाचवायचं तो कागदासारखा चुरगळतो. त्या गाडीत तुम्ही लेकरांना बसवणार असाल, तर हे पेंटच्या आधी बघायला पाहिजे.

गंज आधी कुठे धरतो?

नियम सोपा आहे. जिथं पाणी थांबतं आणि नजर जात नाही, तिथं. या जागा एकेक करून तपासा.

मडगार्डच्या आतली वरची कड. चाकानं उडवलेला चिखल इथंच साचतो. बोट फिरवलं की ढेकळं निघतात.

दरवाजाचा तळ. काचेवरून पाणी दरवाजाच्या आत जातंच. ते बाहेर पडावं म्हणून तळाला बारीक भोकं असतात. धूळ आणि राखेनं ती बुजली की दरवाजा म्हणजे पाण्याची टाकी.

दरवाजाखालची पोकळ पट्टी. तिलाही अशीच भोकं असतात. पेंटिंगवाल्यानं पुट्टीनं किंवा कोटिंगनं ती बंद केलेली असू शकतात.

समोरच्या काचेखालची हवेची जाळी. गाडी लिंबाच्या झाडाखाली लावत असाल तर पानं इथं कुजतात. पाणी मग थेट पायाशी उतरतं.

डिक्कीत स्टेपनीचा खळगा. डिक्कीचं रबर कडक झालं की पाणी आत येतं. स्टेपनी वर्षभर कोणी उचलत नाही, त्यामुळे कळतही नाही.

बॅटरीचा ट्रे. इथं पाण्यापेक्षा अ‍ॅसिडचा त्रास जास्त.

आणि शेवटी पायाखालची मॅट. वरची मॅट कोरडी असते, पण तिच्याखालचा फोम किंवा ज्यूट महिनोन् महिने ओला असू शकतो.

तपासायला महागडी मशीन लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं पत्रा हळूच ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला पत्रा किंवा जाड पुट्टी बद आवाज देते. दुसरी युक्ती लोहचुंबकाची. पातळ कापडात गुंडाळलेला चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं तो धरत नाही, तिथं पेंटखाली पत्रा नसून पुट्टी आहे. जुनी गाडी विकत घेताना ही दोन मिनिटं घालवली तर पुढचे पुष्कळ पैसे वाचतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही शिरू नका. खाली पक्के स्टँड लावा किंवा वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवा. सडलेल्या गाडीला तर जॅक लावायची जागासुद्धा आधी ठोकून बघा.

सगळ्यात स्वस्त इलाज : खालून धुणं

बहुतेक लोक गाडी धुतात म्हणजे बोनेट, टप आणि काचा धुतात. गंजाच्या हिशोबानं हे धुणं म्हणजे तोंड धुऊन अंघोळ झाली म्हणण्यासारखं.

पावसाळ्यात गाडी चिखलातून आली, तर शक्यतो चिखल ओला असतानाच खालून साध्या पाण्याचा पाईप मारा. वाळलेला चिखल निघायला अवघड जातो आणि खरवडताना पेंटही निघतो. आधी कमी दाबाच्या पाण्यानं ढेकळं भिजवा, मग काढा. मडगार्डच्या आत हात घालून कड मोकळी करा.

प्रेशर वॉशर वापरायला हरकत नाही. फक्त त्याचं तोंड चाकाच्या बेअरिंगवर, डिस्ट्रिब्युटरवर आणि जुन्या वायरिंगवर धरू नका. चाळीस वर्षांच्या रबर सीलमध्ये तो दाब सहन करायची ताकद नसते. पेंट सुटत असलेल्या जागीही जवळून मारू नका. पाणी पेंटखाली घुसतं आणि गंजाला आपणच आमंत्रण देतो.

भांड्यांचा साबण किंवा कपड्याची पावडर टाळा. त्यानं वॅक्सचा थर निघून जातो. गाडीचा शॅम्पू वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर अंगावर वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात. कापडानं पुसून घ्या.

धुणं झालं की दरवाजाची आणि खालच्या पट्टीची भोकं प्लॅस्टिकच्या काडीनं मोकळी करा. लोखंडी तार घातली तर आतला पेंट खरवडला जातो. मग चारही दरवाजे, बोनेट आणि डिक्की उघडी ठेवून गाडी उन्हात किंवा वाऱ्यात उभी करा. वाळवणं हा धुण्याचाच भाग आहे. धुऊन लगेच बंद शेडमध्ये लावलेली गाडी न धुतलेल्या गाडीइतकीच ओली असते.

कव्हर टाकलं म्हणजे गाडी सुरक्षित?

उलटंही होऊ शकतं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली जमिनीतली वाफ अडकते. रात्री तापमान उतरलं की तीच वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते. गाडी मातीवर किंवा गवतावर उभी असेल तर हे रोज रात्री होतं.

गाडी शक्यतो फरशीवर किंवा काँक्रीटवर उभी करा. कव्हर हवा खेळेल असं कापडी घ्या आणि कोरड्या, स्वच्छ गाडीवरच टाका. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं, की राखेचे कण पॉलिश पेपरसारखे पेंटवर घासतात.

कोटिंगचं खरं-खोटं

आता येऊ सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर. अँटी-रस्ट कोटिंग करावं का?

करावं. पण कशावर करताय यावर सगळं अवलंबून आहे.

काळं डांबरी कोटिंग स्वच्छ, कोरड्या आणि प्रायमर मारलेल्या पत्र्यावर चांगलं काम करतं. खडीचा मार ते झेलतं. अडचण अशी, की काही वर्षांनी ते कडक होऊन तडकतं. तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला जागा नसते. वरून सगळं काळं गुळगुळीत दिसतं आणि खाली पत्रा निवांत सडत असतो. आधीच गंज किंवा चिखल असलेल्या पत्र्यावर कोटिंग मारलं तर हे पहिल्याच पावसाळ्यात सुरू होऊ शकतं.

मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग वेगळं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं स्निग्ध द्रव्य. ते मऊ राहतं, जोडांमध्ये झिरपतं आणि ओरखडा गेला तर आजूबाजूचं थोडं पसरून तो भरूनही काढतं. दरवाजाच्या आत आणि पोकळ पट्ट्यांमध्ये हेच मारायचं असतं. लांब नळीच्या स्प्रेनं ते भोकातून आत जातं. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, आणि मारल्यावर भोकं बुजली नाहीत ना हे बघावं लागतं.

डब्ल्यूडी-४० नं काम भागतं का? हे १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि त्याच्या नावाचा अर्थच पाणी हटवणारं चाळिसावं मिश्रण असा आहे. अडकलेला बोल्ट सोडवायला, ओलं झालेलं कनेक्शन कोरडं करायला उत्तम. पण त्याचा नेहमीचा स्प्रे फार पातळ थर सोडतो. पूर्ण पावसाळाभर फ्लोअरला सांभाळायचं काम त्याचं नाही.

आणि आपल्याकडचा लाडका जुगाड, म्हणजे गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल मारणं. तेलाचा थर पाणी अडवतो हे बरोबर. पण डिझेल आणि ऑइल सस्पेन्शनच्या रबर बुशला फुगवतं आणि मऊ करतं. जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचे कण असतात, ते कातडीला चांगलं नाही आणि ठिबकून जमिनीत, विहिरीत जातं. वर मौद्याच्या धुळीत ते दोन दिवसांत चिकट लेप होऊन बसतं. ब्रेकवर उडालं तर विचारूच नका.

गंज धरलाच तर काय करायचं?

इथं दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ उपयोगी पडतो. साधारण १६०० वर्षं जुना, उघड्यावर उभा आणि तरी गंजून संपला नाही. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा पातळ थर तयार होऊन तो आतल्या लोखंडाला सांभाळतो, असं त्यातून पुढे आलं. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही त्याला मदत झाली.

बाजारात मिळणारं रस्ट कन्व्हर्टर हीच कल्पना वापरतं. त्यातलं फॉस्फरिक अ‍ॅसिड गंजाचं लोह-फॉस्फेट करतं. काहींमध्ये टॅनिक अ‍ॅसिड असतं, ते गंजाला काळ्या लोह-टॅनेटमध्ये बदलतं. हे टॅनिन आपल्याला नवीन नाही. हिरड्यात ते भरपूर असतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की पाणी काळं होतं आणि जुन्या काळी काळा रंग आणि शाई याच गुणावर बनायची.

पण कन्व्हर्टर जादू करत नाही. त्याचा क्रम असा.

१. सुटा गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं काढा. चष्मा आणि मास्क लावून.

२. पत्रा धुऊन, तेल काढून पूर्ण कोरडा करा.

३. हातमोजे घालून कन्व्हर्टरचा पातळ हात मारा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा.

४. त्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसत्या लाल रेड ऑक्साइडवर गाडी सोडू नका. साधा प्रायमर पाणी शोषतो, त्यावर पेंट हवाच.

५. जोडांवर सीलर, मग पेंट आणि आतल्या पोकळीत मेण.

हे सगळं वरवरच्या गंजासाठी. पत्र्याला भोक पडलं असेल तर एकच खरा उपाय, सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करणं. भोकात फायबर आणि पुट्टी भरून पेंट मारला तर गाडी सहा महिने छान दिसते आणि आतून सडतच राहते. सांगाड्याच्या जागी तर हे सरळ धोक्याचं आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची आणि पेट्रोलच्या टाकीजवळचं काम असेल तर टाकी उतरवायची. यात घाई करणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा.

क्रोमच्या बंपरवर तपकिरी ठिपके आले असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हळूहळू घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडायची भीती कमी. नंतर पुसून वॅक्स लावा. क्रोम सोलून निघालं असेल तर मात्र पुन्हा प्लेटिंगच करावं लागतं.

आतून गंजणारे भाग

काही भागांना बाहेरचा चिखल लागतच नाही, तरी ते गंजतात.

सायलेन्सर घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पण रविवारी गाडी जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केली, तर ते पाणी थंड सायलेन्सरमध्येच थांबतं. म्हणून गाडी चालू करायची तर १५-२० किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर चालूच करू नका.

पेट्रोलची टाकी. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. जुन्या लोखंडी टाकीत पाणी तळाशी बसून गंज धरतो आणि तो कचरा कार्बोरेटरमध्ये येतो. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर अर्ध्या टाकीवर सोडू नका आणि पुन्हा काढल्यावर फिल्टर बघा. जुने रबरी पाईपही तपासून बदला.

ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्यामुळे व्हील सिलिंडर आणि ब्रेकचे पाईप आतून गंजतात. गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. या यादीतलं हे एकच काम असं आहे, जे टाळलं तर जीवावर बेतू शकतं.

एवढी मेहनत कशासाठी?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी इतिहासजमा झाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती आणि तिची २० वर्षांची मुदत संपली. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. म्हणजे आता नवीन बॉडी कुठूनही येणार नाही. इंजिनचे पार्ट्स खटपट करून मिळतात, सडलेला सांगाडा मिळत नाही.

दुसरं कारण कागदोपत्री आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क, तर नंबर प्लेटवर व्हीए अशी अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण रॅलीला आणि प्रदर्शनाला नेता येते.

हिशोब करा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये ५० ची झाली. ७० च्या दशकातल्या गाड्या आता एकेक करून त्या रेषेवर येतायत. अट मूळ रूपाची आहे आणि मूळ रूप म्हणजे मूळ पत्रा. तो एकदा भुगा झाला की पैसे देऊनही परत येत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, मॅट उचलून फ्लोअर बघा, भोकं मोकळी करा, गंज काढा, प्रायमर आणि मेण याच वेळी मारा. पत्रा कोरडा असण्याची इतकी खात्री वर्षात पुन्हा मिळत नाही. फक्त काम सावलीत करा, तापलेल्या पत्र्यावर पेंट नीट बसत नाही.

जून ते सप्टेंबर, चिखलातून आलं की खालून पाणी आणि दर पंधरवड्याला मडगार्डमध्ये हात.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरला की रॅम्पवर चढवून एकदा पूर्ण धुणं आणि दोन दिवस उन्हात वाळवणं.

हिवाळ्यात धुळीचे दिवस. ओल्या कापडानं पुसण्याआधी पाण्यानं राख उतरवून घ्या आणि क्रोमला वॅक्स लावा.

यातलं फक्त एकच जमणार असेल, तर दरवाजाच्या तळाची भोकं शोधा आणि काडी घालून मोकळी करा. घाण पाणी बाहेर आलं, तर ते किती दिवस आत होतं याचा अंदाज तुम्हालाच येईल.